कूलर बंद ठेवण्याचे दिवस

यंदाचा नवतपा लागला तेव्हा आमच्या घरात एसी चालू होता, खिडक्यांना जाड पडदे लावलेले होते आणि आमची नात सई जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून आंबा चोखत बसली होती. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मे महिन्याच्या अखेरचे हे नऊ दिवस ज्यानं नागपुरात काढले नाहीत त्याला ऊन काय असतं ते समजावून सांगण्यात अर्थ नाही, आणि ज्यानं काढले त्याला सांगायची गरज नाही. मी सईला विचारलं, "काय करून राहिली?"

"एन्व्हायर्नमेंट सेट करून राहिली, आबा."

सईला मोबाइलची ॲप्स बनवायला शिकायचं आहे. त्यासाठी एक ओळही लिहिण्याआधी मशिनीत शंभर गोष्टी आणून बसवाव्या लागतात म्हणे. शेवटी पडद्यावर एक खोटा फोन उगवतो. आपण लिहिलेलं आधी त्या खोट्या फोनवर चालवून बघायचं आणि मग खऱ्यावर टाकायचं. मला हे कळतं. आयुष्यभर मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवला आहे, मला कळणार नाही तर कोणाला कळणार?

"मग आता काय?" मी विचारलं.

"आता काही नाही. डाउनलोड होऊन राहिलं. होते ते आपोआप."

असं म्हणून तिनं दुसरा आंबा उचलला.

आपोआप! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला स्वतःच्या नातीचा हेवा वाटू नये हे मलाही समजतं, पण वाटला. कोणाला कूलर बंद करायला लागला नाही, कोणी घामानं निथळलं नाही, गल्लीत कोणाला निरोप गेला नाही, आणि पोट्टीची तयारी झालीसुद्धा. पण उगाच खोटं काय बोलू? सईचा हेवा हा आजचा, ताजा. आणखी एक हेवा माझ्या पोटात चाळीस उन्हाळे मुरून बसला आहे आणि तो तिच्या आजीचा आहे. म्हणजे माझ्या बायकोचा. शालूचा.

तेव्हा आम्ही हनुमाननगरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. आई, शालू आणि मी. लग्नाला दोनेक वर्षं झाली असतील. मी एका कॉलेजात गणित शिकवत होतो, पण तात्पुरता. तात्पुरता म्हणजे काय ते त्या काळी ज्यांनी भोगलं त्यांनाच माहीत. मार्चमध्ये नारळ द्यायचे आणि जुलैत पुन्हा बोलावणं यायचं. आलं तर. दर उन्हाळ्यात मी गल्लीत मान वर करून चालायचो आणि घरात मान खाली घालून जेवायचो. गल्लीतले लोक मला प्रोफेसर म्हणत. मला ते आवडायचं, आणि मार्च उलटला की तेच बोचायचं.

त्या मार्चमध्ये प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं की नव्या सत्रापासून कॉलेजात कॉम्प्युटरचा वर्ग निघणार आहे. यंत्रं आली आहेत. शिकवायला एक जागा आहे, कायम. पण अर्ज पुष्कळ येतील, तेव्हा ज्याला यायचं त्यानं स्वतः केलेला एक प्रोग्रॅम कॅसेटवर घेऊन यावं आणि आमच्यासमोर चालवून दाखवावा. मी घरी येताना सायकल जवळजवळ नाचवत आणली. कायम! तो शब्द मी रस्ताभर स्वतःशीच म्हणत होतो.

यंत्र कुठून आणायचं हा प्रश्न मला पडायच्या आधीच सुटला होता, आणि तिथूनच माझ्या जळण्याला सुरुवात झाली. शालूचा धाकटा भाऊ सुरेश आखातात नोकरीला होता. तो सुटीवर आला तो टॉवेलात गुंडाळलेला एक छोटा कॉम्प्युटर घेऊन. रबराची बटणं, एका हातात मावेल एवढा डबा; कॉलेजात आलेली यंत्रंही याच जातीची होती. त्यांच्या कळमेश्वरच्या घरी लाईटचा काही भरवसा नव्हता, म्हणून त्यानं तो बहिणीकडे आणून ठेवला. "ताई, उन्हाळाभर वापर. शिक. जाताना मी घेऊन जाईन," म्हणाला. मला त्यानं दाढीचं सामान दिलं. चांगलं होतं, परदेशी होतं, पण बहिणीला कॉम्प्युटर आणि मेहुण्याला वस्तरा हा हिशेब माझ्या काही डोक्यातून जाईना.

आता सई म्हणते ती एन्व्हायर्नमेंट आम्ही कशी लावली ते ऐका. त्या डब्याला स्वतःचा पडदा नव्हता, म्हणून आमचा शटरवाला टीव्ही समोरच्या खोलीतून आणून माझ्या टेबलावर ठेवला. माझी पुस्तकं पलंगाखाली गेली. त्याला स्वतःची आठवण नव्हती. लाईट गेली की लिहिलेलं सगळं पुसलं जाई. म्हणून प्रोग्रॅम कॅसेटवर भरून ठेवायला आईचा भजनाचा टेपरेकॉर्डर घेतला. यंत्राच्या पिनांचे पाय एवढे जाड की आपल्या सॉकेटात शिरेनात, तेव्हा पीन कापून टाकली आणि उघड्या तारा आगपेटीच्या काड्या घालून भोकात खोचल्या. टीव्हीची ॲन्टेना काढून तिथं यंत्राची वायर. मग चॅनेलची कळ फिरवत बसायचं. नुसती खरखर, मुंग्याच मुंग्या. शालू टीव्हीजवळ, मी यंत्राजवळ, आई दोघांच्या मध्ये पाण्याचा गंज घेऊन उभी. एकदम मुंग्या गेल्या आणि पांढऱ्या पडद्यावर काळी इंग्रजी ओळ स्थिर झाली. "आली वं माय!" शालू ओरडली आणि तिनं आईचा हात धरला. माझा नाही. मी यंत्राजवळ होतो आणि आई जवळ होती हे खरं आहे. तरी सांगून ठेवतो.

दोन दिवसांनी जेवताना ती म्हणाली, "मीबी टाकला अर्ज."

"कुठं?"

"तुमच्याच कॉलेजात. गणिताचा पदवीधर पाहिजे असं लिहिलं होतं ना जाहिरातीत? मी आहे ना."

ती होतीच. फर्स्ट क्लास होती. मी सेकंड क्लास होतो, पण मी पुढं एमएस्सी केलं आणि तिचं लग्न झालं. लग्नाआधी ती कळमेश्वरला शाळेत शिकवायची. इथं आल्यावर ते सुटलं. मी घास गिळला आणि विचारलं, "एका जागेसाठी नवरा-बायको दोघं उभे राहणार? लोक काय म्हणतील?"

आई ताकाची वाटी भरत म्हणाली, "म्हणतील का एकाले तरी लागली. जेव तू गा."

म्हणून वेळ वाटून घेतली. सकाळ माझी, दुपार तिची. ही वाटणी मी केली आणि त्यात मला काही चूक दिसली नाही. सकाळी तिला स्वयंपाक, पाणी, वरच्या गच्चीवर कुरडया-मुंगवड्या घालायच्या. दुपारी ती मोकळी. सकाळी हवा थंड, व्होल्टेज भरपूर. मी आंघोळ करून, कपाळाला गंध लावून यंत्रासमोर बसायचो. माझा प्रोग्रॅम मोठा रुबाबदार होता. तो मूळ संख्या शोधायचा. दोन, तीन, पाच, सात, अशा एकाखाली एक संख्या पडद्यावर सरकत वर जात. मी आईला बोलावून दाखवलं. तिनं बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "हे कशाचे भाव होय?"

पहिल्या दुपारी शालू तासभर टाइप करत बसली होती. मी आतल्या खोलीत फरशीवर ओली चादर पसरून पडलो होतो. आईनं नेहमीप्रमाणे कूलर लावला. आमचा कूलर सुरू होताना आधी एक धक्का घ्यायचा, मग ताट्यांमधून वाळ्याचा ओला वास यायचा आणि मग जीव शांत व्हायचा. त्या दिवशी वास आला आणि त्याबरोबर शालूचा आवाज. "गेलं." एवढंच. मी उठून बघितलं तर टीव्हीवरचं चित्र आक्रसून मधोमध एक पट्टी राहिली होती, स्टॅबिलायझर टकटक करत होता आणि यंत्र पुन्हा पहिल्या ओळीवर येऊन बसलं होतं. तासाभराचं टाइप केलेलं सगळं गेलं होतं. दुपारी व्होल्टेज आधीच कमी, त्यात कूलरचा धक्का त्या परदेशी डब्याला सोसला नाही.

"माह्यानं गेलं का वं?" आईनं विचारलं.

"नाही जी. लाईटीनं गेलं," शालू म्हणाली आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईनं स्वतःच्या हातानं कूलर बंद केला. नवतपा अजून दूर होता, पण ऊन काही नवतप्याची वाट बघत बसत नाही. वरचा पंखा होता, तर तो गरम हवा खाली ढकलायचं काम करायचा. आईनं वाळ्याचा हातपंखा गंजातल्या पाण्यात बुडवला, शालूच्या मागं स्टुलावर बसली आणि वारा घालू लागली. तिच्या पांढऱ्या केसांतून घाम गळत होता. शालू म्हणाली, "आई, राहू द्या जी." आई म्हणाली, "तू तुह्या कामाकडे पाह्य."

मी दारात उभं राहून हे बघितलं. खरं सांगतो, मला त्याचं कौतुक वाटलं नाही. मी मॅट्रिकला होतो तेव्हा असाच उन्हाळा होता. मी आईला म्हणालो होतो, ऊन फार लागतं, अभ्यास होत नाही. तेव्हा हीच बाई मला म्हणाली होती, "ऊन काय तुलेच लागते का? साऱ्या दुनियेले लागते. वाच मुकाट्यानं." मी मुकाट्यानं वाचलं. कोणी पंखा घातला नाही.

चार दिवस दम धरला आणि मग विचारलंच. "आई, अर्ज तर मीबी केला आहे. माझ्याजवळ सकाळी एकदाही बसली नाहीस तू."

"सकाळी काय ऊन राहते का, बापू?"

ती बरोबर बोलत होती. बरोबर गोष्ट मला अजून जास्त झोंबते.

त्या दुपारी मला अजून अंगावर येतात. बंद कूलरच्या ताट्या वाळत जायच्या आणि त्यांचा वास आधी ओल्या गवताचा, मग सुक्याचा व्हायचा. टेपरेकॉर्डरमधून प्रोग्रॅम भरला जाताना किंचाळल्यासारखा आवाज निघायचा. आई त्याला "तुहं भजन" म्हणायची. शालूची बोटं घामानं रबराच्या बटणांवर चिकटत. आणि ती यंत्राशी बोलायची. "असं काहून करते रे? थांब ना जरा. हां, आता कसं!" मी ओल्या चादरीवर पडून ऐकायचो. दोन वर्षांत ती माझ्याशी त्या आवाजात बोलली नव्हती. माझ्याशी बोलताना तिचा आवाज भाजीत मीठ बरोबर आहे का विचारण्याएवढा असायचा. डब्याचा हेवा वाटणं हे कोणाला सांगणार? मीच मला सांगितलं आणि कूस बदलली.

ती चांगली शिकली. माझ्यापेक्षा चांगली. सुरेशनं दिलेल्या कॅसेटी आईच्या टेपरेकॉर्डरवर चालत नव्हत्या. मी म्हणालो कॅसेटी खराब आहेत. तिनं छोटा पेचकस घेतला, टेपरेकॉर्डरच्या टेप वाचणाऱ्या डोक्याजवळचा बारीक स्क्रू कान लावून हळूहळू फिरवला आणि किंचाळी टोकदार झाली तिथं थांबली. कॅसेट चालली. "डोकं जरासं तिरपं होतं," ती म्हणाली. मी म्हणालो, "मला माहीत होतं." मला माहीत नव्हतं.

पण आपला कूलर बंद ठेवून भागेना. आमच्या गल्लीची सारी घरं एकाच तारेवर. शेजारच्या गेडामकाकूंचा कूलर सुरू झाला की आमचा टीव्ही आक्रसायचा, त्यांच्या पलीकडच्यांचा सुरू झाला की यंत्र झोपायचं. शालू एका दुपारी डोक्याला दुपट्टा बांधून घराघरांत गेली. मला वाटलं, लोक हाकलून लावतील. भर उन्हाळ्यात नागपूरच्या माणसाला कूलर बंद कर म्हणायचं म्हणजे काय! ती परत आली ती हसत. गेडामकाकू मागून सांगत आल्या, "घंटाभर बंद ठेवलं तर कोणी मरते का? पोरगी शिकून राहिली."

पोरगी! आणि मी? मी त्या गल्लीत तिच्याआधी चार वर्षं राहत होतो. माझ्या एमएस्सीच्या परीक्षेला समोरच्या घरात लाउडस्पीकर लावून बारसं झालं होतं.

तिला मात्र ते उपकार घेणं बरं वाटेना. लोकांनी आपल्यासाठी घामात बसायचं, हे तिला दोन दिवस खुपलं आणि तिसऱ्या दिवशी तिला तिचा प्रोग्रॅम सापडला. गल्लीतले सगळे कूलर एकदम लागले की व्होल्टेज पडतं आणि कोणाचाच धड फिरत नाही. पाळीपाळीनं लागले तर जे चालतील ते भरारा चालतील. कोणाच्या घरी तान्हं मूल आहे, कोणाच्या घरी म्हातारा माणूस, कोण दुपारपाळीला जातो, हे सगळं तिनं यंत्रात घातलं आणि यंत्र रोज पाळ्या सांगू लागलं. गल्लीतली नावं इंग्रजी अक्षरांत पडद्यावर उमटायची. आई मला वाचून दाखवायला सांगायची. तिला पाळ्या कळायच्या. माझ्या मूळ संख्या तिला कळल्या नव्हत्या.

नवतपा लागला आणि आमची गल्ली शालूच्या प्रोग्रॅमवर चालू लागली. सकाळी बायका भिंतीवरून विचारायच्या, "शालू, आज आमचा कूलर कधी वं?" पुरुष मला रस्त्यात गाठायचे. "प्रोफेसर, वहिनीले सांगा ना, आमची पाळी जरा अलीकडं घ्या म्हणा, साळा आला आहे." मी निरोप पोचवायचो. गणिताचा एमएस्सी माणूस त्या उन्हाळ्यात बायकोचा चपराशी झाला होता. आणि कूलर खरंच जोरात फिरायचे, हे त्याहून वाईट. आमच्या पाळीला मी त्या थंड वाऱ्यात पडून राहायचो, वाळ्याचा वास घ्यायचो आणि मनात म्हणायचो, हे मला का सुचलं नाही?

मुलाखतीच्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घातला, खिशात कॅसेट ठेवली आणि सायकलवर गेलो. शालू मागून सायकलरिक्षात आली. मांडीवर दुपट्ट्यात बांधलेला टेपरेकॉर्डर आणि शेजारी आई. आई कशाला? तर म्हणे, रिक्षात टेपरेकॉर्डर धरायला कोणी नको का? मी म्हणालो होतो, "कॉलेजात सगळं आहे. हे ओझं कशाला नेता? हसतील लोक." शालू म्हणाली होती, "हसू द्या."

माझा नंबर आधी होता. समोर प्राचार्य आणि बाहेरून आलेले दोन साहेब. मी कॅसेट कॉलेजच्या टेपरेकॉर्डरमध्ये घातली, ऐटीत बटण दाबलं आणि थांबलो. किंचाळी आली, पडद्यावर काही नाही. उलट फिरवून पुन्हा लावली. काही नाही. आवाज वाढवला, कमी केला. एका साहेबानं घड्याळ बघितलं. माझी कायम नोकरी त्या कॅसेटमध्ये होती आणि ती बाहेर यायला तयार नव्हती. शर्टाची इस्त्री पाठीला चिकटली होती.

दार उघडलं. शालू आत आली. कोणी बोलावलं नव्हतं. तिनं टेबलावर आईचा टेपरेकॉर्डर ठेवला, वायर काढून त्याला लावली आणि साहेबांना म्हणाली, "सर, यांची कॅसेट याच्यावर भरली आहे. दोघांची डोकी सारखी नाहीत, त्यामुळं तिकडं चालत नाही." आणि बाहेर निघून गेली. मी बटण दाबलं. दोन, तीन, पाच, सात. संख्या सरळ वर सरकू लागल्या आणि साहेबांनी माना डोलावल्या.

मी आभार मानावे असं कोणालाही वाटेल. मी व्हरांड्यात येऊन खिडकीशी उभा राहिलो आणि तिचं काय होतं ते बघू लागलो. तिच्या वेळी तिघंही खुर्च्या सोडून टीव्हीजवळ आले. एक साहेब म्हणाला, आमच्या कॉलनीचं करून द्याल का? सगळे हसले. मग त्यांनी विचारलं, मिस्टर काय करतात? तिनं सांगितलं, आत्ता इथून गेले ते. पुन्हा हसले. मुलंबाळं? अजून नाही. झाल्यावर काय कराल? तिनं काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही, कारण आईनं मागून येऊन मला विचारलं, "काय म्हणून राहिले तिले?" मी म्हणालो, "काही नाही."

आठवड्यानं प्राचार्यांनी बोलावलं. "जागा तुमची," म्हणाले. "बाईंचा प्रोग्रॅम झकास होता हो, अगदी एक नंबर. पण दोघं एकाच घरचे. पगार जाणार तो त्याच घरात. मग तुम्ही तर आधीपासून आमचेच." मी पेढे घेऊन घरी आलो. शालू गच्चीवरून वाळलेल्या कुरडया डब्यात भरत होती. मी सांगितलं. प्राचार्य जे म्हणाले ते सगळं सांगितलं, झकाससुद्धा. ती म्हणाली, "अरे वा." मग म्हणाली, "बसा, ताट वाढते." आईनं पेढे देवापुढं ठेवले आणि वाटले. मला एक दिला, शालूला दोन दिले. नोकरी मला लागली होती!

जूनमध्ये सुरेश आला आणि यंत्र टॉवेलात गुंडाळून घेऊन गेला. टीव्ही समोरच्या खोलीत गेला, माझी पुस्तकं पलंगाखालून टेबलावर आली, टेपरेकॉर्डर भजनाला लागला. मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवू लागलो. आमची लॅब त्या काळी सगळ्या कॉलेजातली एकमेव एसीची खोली होती. चपला बाहेर काढून आत जायचं, आणि प्राचार्यसुद्धा माझ्या परवानगीनं आत येत. माझ्या हाताखालून किती पोरं शिकून गेली, कोण बंगलोरला आहे, कोण अमेरिकेत, ते सांगत बसत नाही. शालूनं घरी गणिताच्या शिकवण्या घेतल्या. त्याच टेबलावर.

आणि तरी बघा. ती गल्ली सोडून आम्हाला कितीतरी वर्षं झाली, आई गेली, गेडामकाकू गेल्या. पण तिथलं कोणी लग्नाकार्यात भेटलं की मला नमस्कार करतं आणि शालूजवळ जाऊन बसतं. "वहिनी, तुमच्या पाळ्यांसारखा थंड वारा पुन्हा नाही भेटला जी. आता एसी आहे, पण ते नाही." ती हसते. मी अक्षता हातात घेऊन बाजूला उभा राहतो. मूळ संख्यांबद्दल मला आजवर एका माणसानं विचारलेलं नाही.

तर परवा सईचं डाउनलोड संपलं. पडद्यावर तो खोटा फोन उगवला, चकचकीत. सई ओरडली, "आजी, इकडे ये ना, पाहा!" आजीला. मी समोर बसलो होतो. शालू पदराला हात पुसत आली, चष्मा लावला आणि सईनं खुर्ची दिली तिच्यावर बसली. सई म्हणाली, "तू सांग, कशाचं ॲप करायचं?" दोघी काहीतरी बोलून हसल्या. मला बोलावतील म्हणून मी थोडा थांबलो. मग माझी खुर्ची मीच ओढत नेली.

"मी शिकवलं आहे हे सगळं," मी म्हणालो.

"हो आबा, माहीत आहे," सई म्हणाली.

शालू टाइप करत होती. हळू, पण बटणांकडे न बघता. तिची बोटं अजून कशी जाग्यावर पडतात हे बघून मला पुन्हा तोच हेवा वाटला, चाळीस वर्षांपूर्वीसारखा.

"अजी," पडद्यावरची नजर न काढता तिनं विचारलं, "तुमच्या लॅबमध्ये मशिनी किती होत्या?"

"पुढं पुढं वीस झाल्या." लॅबचं कोणी विचारलं की मला बरं वाटतं. "सगळ्या चालू. एकसुद्धा बंद पडू दिली नाही मी."

"अन् उन्हाळ्याच्या सुटीत?"

"सुटीत कोण येते? रिकाम्याच राहायच्या. कुलूप लावून किल्ली मी घरी घेऊन यायचो."

"कुठं ठेवायचे तुम्ही किल्ली?"

"तिथंच, दाराजवळच्या खुंटीवर."

"हो," शालू म्हणाली. "दिसत होती मले."

आणि तिनं सईला विचारलं, पुढची ओळ कशी लिहायची.